मोतीबाईच्या तळघरातली विहीर

मोतीबाई म्हात्रेबद्दल उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. तिच्या डंकावर कुटलेला मसाला पुढच्या वर्षीच्या मिरच्या येईपर्यंत लाल राहतो, ही एक. आणि तिच्याशी भांडायला जाऊ नये, जायचंच झालं तर पोटभर जेवून जावं, कारण लवकर सुटका होत नाही, ही दुसरी. तिसरी एक गोष्ट होती, पण ती फक्त मोतीबाईला ठाऊक होती. निदान तिला तसं वाटत होतं.

डंक म्हणजे मोटारीवर चालणारी लोखंडी मुसळं. एका रांगेत चार, धाडधाड वरखाली होणारी. टेकचंद शेठच्या चार मजली बिल्डिंगच्या तळघरात सात पायऱ्या उतरून गेलं की हा डंक. मार्च लागला की बदलापूर-अंबरनाथपासूनच्या बायका उन्हात वाळवलेल्या मिरच्या आणि भाजलेला खडा मसाला पिशव्यांत भरून आणायच्या आणि पायऱ्यांवर नंबर लावून बसायच्या. तीन महिने हा धंदा, त्यावर बाकीचे नऊ महिने. त्या तीन महिन्यांत बिल्डिंगमध्ये येणारा पोस्टमनसुद्धा शिंकत यायचा आणि शिंकत जायचा.

मोतीबाई आगरी. माहेर बदलापूरच्या पलीकडचं, सासर अंबरनाथचं. नवरा चंदू देवाघरी गेला त्याला आता बावीस वर्षं झाली. देवानं त्याला नेमक्या कुठल्या घरी नेलं याबद्दल मोतीबाईला दाट शंका आहे, पण तो विषय वेगळा. तो गेल्यावर तिनं जुना डंक मिळवला आणि हे तळघर भाड्यानं घेतलं. तेव्हा बिल्डिंगचा कारभार टेकचंदची आई बघायची. तिला सगळे अम्मा म्हणत. फाळणीनंतर लहानपणी आईबापांबरोबर इथल्या मिलिटरी बॅरकीत आलेली, बॅरकीतच वाढलेली बाई. पुढे बॅरक पाडून बिल्डिंग उठली, पण अम्मा तिथंच राहिली. अम्मानं मोतीबाईला जागा दिली. पण वर्ष होतंय तोच टेकचंद आईच्या मागे लागला, की तळघर गोडाऊनला देऊ, ही बाई मिरच्या कुटून आपल्याला मारेल.

मोतीबाईनं हे जिन्यात उभं राहून ऐकलं. चोरून नाही, उघडपणे ऐकलं, कारण टेकचंदला हळू बोलता येत नाही. दुपारभर ती तळघरात बसून राहिली. डंक बंद होता. ईशान्येच्या कोपऱ्यात जमिनीला एक जुनी दगडी लादी होती, तिचा एक कोपरा तुटलेला. त्या भोकातून तिला खाली पाणी वाहिल्याचा आवाज आला. तिच्या माहेरी एक विहीर होती आणि तिच्या काठावर साती आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात देव्या. सगळं गाव बिल्डरला विकलं गेलं, शेतं गेली, पण ती विहीर बुजवायला एक माणूस पुढे आला नाही, कारण आसरांना हात लावणारा रक्त ओकून मरतो. हे मोतीबाईला आठवलं.

दुसऱ्या दिवशी ती उल्हास नदीवर जाऊन सात गोटे घेऊन आली. शेंदूर फासला, लादीभोवती दोन विटांचा ओटा केला, गोटे मांडले. मग वर जाऊन अम्माला सांगितलं, "अम्मा, खाली मिलिटरीच्या आदीची विहीर हाय. मना सपनात आल्या सातीजनी. बोलल्या, आमाला सोरून जाव नको." स्वप्नात तिला त्या रात्री काहीच आलं नव्हतं. डासांनी झोप लागू दिली नव्हती. अम्मानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, हात जोडले आणि गोडाऊनचा विषय संपला.

तर हे ते गुपित. देव्यांनी मोतीबाईला नाही, मोतीबाईनं देव्यांना कामाला लावलं होतं. पण रोज सकाळी हळदकुंकू वाहता वाहता दोन-चार वर्षांत तिचंही मन पालटलं. खाली पाणी वाहतंय तर असेलही विहीर, आणि विहीर असेल तर आसराही असतील, असं तिला वाटू लागलं. नंबर लावून बसलेल्या बायकांना तर एवढं पुरे होतं. डंकावर तास-तास बसायचं, समोर देव्या, मग रिकाम्या हातानं का बसा? कुणी खण आणी, कुणी हिरव्या बांगड्या, कुणी नारळ. ओटी ओट्यावर ठेवायची नाही, भोकातून विहिरीत सोडायची, कारण आसरा पाण्यात राहतात. नारळ सोडला की खालून डुबुक आवाज यायचा. डुबुक म्हणजे देवीनं घेतलं. हेंद्रेपाड्याच्या कौसाबाईच्या सुनेला सात वर्षं मूल नव्हतं, तिनं नवस केला आणि रिद्धी झाली. तेव्हापासून तर मसाला नसला तरी बायका येऊ लागल्या.

वास यायचा का? यायचा. पण त्या तळघरात कुणाच्या नाकाला कसला वास कळणार? ज्यांना कळला त्यांना मोतीबाई सांगे, की जुनं पाणी आहे, जुन्या पाण्याला वास असतोच. अलीकडे डुबुकच्या जागी थप्प असा आवाज यायला लागला होता. त्यावर ती म्हणे, "देवीचा पोट भरलाय." बायका खूश होत.

अडचण सुरू झाली ती एप्रिलमधल्या एका मंगळवारी. कौसाबाई रिद्धीच्या वाढदिवसाचा नारळ घेऊन आली, डोळे मिटून सोडला, आणि डोळे उघडले तर नारळ भोकात तरंगत होता. कौसाबाईनं बोटानं खाली ढकलला. तो पुन्हा वर आला. "देवीनं परत केला," कुणीतरी म्हणालं. मोतीबाई काही बोलणार, तेवढ्यात मागच्या मोरीतून गुडगुड आवाज झाला आणि काळं पाणी लादीवर आलं. ते कुठलं पाणी आहे हे सांगायला कुणी पुजारी लागला नाही.

बायकांनी आपापल्या पिशव्या उचलल्या आणि पायऱ्या चढल्या. मोतीबाईनं वरच्या चारही मजल्यांचा उद्धार केला. पहिल्या मजल्यावरच्या बायकांचे केस, दुसऱ्या मजल्यावरचं तळणीचं तेल, तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाचे लंगोट, चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याची बद्धकोष्ठता, कुणालाही तिनं सोडलं नाही. संडास हा संडास आहे, कचराकुंडी नव्हे, हे तिनं जिन्यात उभं राहून बारा घरांना ऐकवलं. सून नेत्रा खाली बादल्या भरभरून पाणी उपसत होती. ती एवढंच म्हणाली, "आई, ओरडून तुंबलेलं जात नाही."

बुधवारी टेकचंद आला. नाकाला रुमाल, पाय शेवटच्या पायरीवर, तिच्या खाली नाही.

"मोतीबाई, लादी सगळी काढायला लागेल. नवीन लाईन टाकनी पडेगी. शुक्रवारपासून काम चालू. दोन महिने. तबतक सामान हटा लो, फिर वापस आ जाना. तुम्हारी ही जगह है."

"आनि आसरा?"

"उस कोने को हात नाही लावणार. देवी का कोना वैसा का वैसा."

मोतीबाई गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे घाबरली, हे नेत्राला माहीत होतं. शेजारच्या गाळ्यातला भगवंत टेलर असाच दोन महिन्यांसाठी 'रिपेरिंगला' बाहेर गेला होता. त्याला तीन वर्षं झाली. त्याच्या गाळ्यात आता मोबाइलच्या कव्हरांची खोकी आहेत आणि भगवंत विठ्ठलवाडी डेपोच्या बाहेर झाडाखाली मशीन घेऊन बसतो. एप्रिल आणि मे गेले तर वर्ष गेलं, आणि एकदा डंक या पायऱ्या चढून वर गेला तर पुन्हा खाली उतरणार नाही. बासष्टाव्या वर्षी दुसरी जागा कुठे शोधायची? मोतीबाईला स्पष्ट दिसत होतं, की शुक्रवारच्या आत हे गटार वाहिलं नाही तर आपण झाडाखाली.

गुरुवारी सकाळी तिनं धर्मराजला बोलावलं. धर्मराज कुणबी, हेंद्रेपाड्यातला, साठीचा. चाळीस वर्षं ड्रेनेजच्या लाईनी टाकल्या आणि उघडल्या. स्कूटरला बांबूच्या खपच्यांची मोळी बांधून फिरतो. खपची म्हणजे बांबूची लांब चिरफाळी, एकीला एक बांधत पाइपात सरकवायची. त्याची दोन तत्त्वं आहेत. गटारात माणूस उतरवायचा नाही, हे पहिलं. "सरकारनं कायदा केला नंतर," तो म्हणतो, "मला आईनं आधीच सांगितलं होतं." दुसरं म्हणजे, जे तुंबलंय ते समजल्याशिवाय काहीही फोडायचं नाही. माणसं घरात काय बोलतात ते सगळं खोटं, खरं काय ते चेंबरमध्ये सापडतं, असं त्याचं मत आहे. त्यामुळे लग्न जमवण्याआधी नातेवाईक त्याला विचारायला येतात, अशी अफवा तो स्वतःच पसरवतो.

तो तळघरात आला आणि पहिला अर्धा तास त्यानं काहीच केलं नाही. नुसता फिरला. पहारीचं टोक लादीवर हळूच आपटत कान देत राहिला. मग विचारलं, "ताई, वरच्यांनी पाणी सोडल्यावर किती वेळानं मोरीतून येतं?"

"लगेच."

"म्हणजे तुंबलंय ते लांब नाही. तुमच्या पायाखालीच आहे." तो वर गल्लीत गेला. गल्लीत एक जुनं चेंबर होतं, बिल्डिंगच्या मागच्या बोळात दुसरं. दोन्हींची झाकणं एकाच घडणीची, दगडी. "हे मिलिटरीचं काम. बॅरकीच्या वेळचं. चिनी मातीचे पाइप. दोन चेंबरांच्या मध्ये पाइप वाकत नाही, हा नियम. वाकला तर तिथं चेंबर पाहिजेच." नेत्राला गवंड्याच्या दोरीचं एक टोक धरायला लावून त्यानं भिंतीपासूनची पावलं मोजली आणि खाली येऊन तीच पावलं तळघरात टाकली. गल्लीकडून आलेली रेघ आणि बोळातून आलेली रेघ सरळ एकमेकींना मिळेनात. दोन्ही ईशान्येच्या कोपऱ्यात येऊन भेटल्या. सात गोट्यांच्या बरोबर खाली.

धर्मराजनं ओट्याकडे पाहिलं. मोतीबाईनं धर्मराजकडे पाहिलं.

"ती विहीर हाय," ती म्हणाली.

"असेल. हळद आहे का ताई?"

डंकावर हळद नसेल तर कुठे असेल? त्यानं वाडगाभर हळद नेत्राजवळ दिली आणि चौथ्या मजल्यावर पाठवली. संडासात ओतायची, वरून दोन बादल्या पाणी सोडायचं, एवढंच काम. चौथ्या मजल्यावरचा म्हातारा नेमका आत होता, त्यामुळे पाऊण तास गेला. मग वरून नेत्राची हाक आली. धर्मराज मोरीपाशी उकिडवा बसला आणि मोतीबाईला म्हणाला, "तुम्ही तिथं बसा. विहिरीपाशी."

ती बसली. आधी काहीच नाही. मग भोकातलं काळं पाणी दोन बोटं वर चढलं आणि पिवळं झालं. लख्ख पिवळं, लग्नाच्या हळदीसारखं. मोरीत पिवळं पाणी आलं ते त्यानंतर, थोड्या वेळानं.

"आधी कुठं आली?" धर्मराजनं विचारलं.

मोतीबाईनं भोकाकडे बोट केलं. वीस वर्षं ती आसरांना हळद वाहत होती. आज पहिल्यांदा देव्यांना हळद लागली ती चौथ्या मजल्याच्या संडासातून.

"विहिरीत वरच्या मजल्यावरचं पाणी येत नाही, ताई," धर्मराज शांतपणे म्हणाला. "हे चेंबर आहे. बारा घरांचं सगळं इथं येतं, इथून वळतं आणि पुढे नाल्याला जातं. पुढचं तोंड बंद झालंय. टेकचंद शेठनी बाकीची सगळी लादी उखडली असती तरी त्यांना तुंबलेलं काही सापडलं नसतं. उघडायचं ते हेच." मग त्यानं आवाज खाली आणला. "पाहिजे तर शटर अर्धं ओढून घेऊ. दोन-तीन तासांचं काम. गोटे परत जिथल्या तिथे. कुणाला कळायची गरज नाही."

मोतीबाईला ते फार आवडलं. शटर ओढायचं, काम उरकायचं, देव्या जागेवर, लाज झाकलेली. टेकचंद देव्यांना घाबरतो म्हणून आपण इथं आहोत, हे तिला पक्कं माहीत होतं. देव्या उठल्या की त्याचा धाकही उठला. गटार तुंबलेलं ठेवलं तरी जागा जाणार होती, उघडं केलं तरी जाणार होती. गुपचूप केलं तरच राहणार होती. ती शटरकडे गेलीसुद्धा. पण बाहेर पायऱ्यांवर पाच-सहा बायका येऊन बसल्या होत्या, डंक कधी सुरू होतो ते बघायला. त्यांत कौसाबाई होती आणि तिच्या मांडीवर पिशवीत नवीन नारळ होता. देवी रागावली म्हणून दुसरा आणला होता. आज गुपचूप केलं तर उद्या हा नारळ खाली जाणार, परवा दुसरा, आणि पुढच्या एप्रिलला पुन्हा काळं पाणी. त्याहून मोठं म्हणजे, ही बाई हेंद्रेपाड्यावरून रिक्षा बदलत बदलत येऊन गटारात नारळ सोडणार आणि आपण हात जोडून बघत बसणार. आजवर बघितलं, पण तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत झालं. मोतीबाईला स्वतःची इतकी चीड आली की तिनं शटरला लाथ घातली.

"या आत सगल्या," ती म्हणाली. "आनि नारल बाजूला ठेवा."

तिनं सातही गोटे आपल्या हातानं उचलले. प्रत्येकाला पदरानं पुसलं, कपाळाला लावलं आणि मोटारीच्या वरच्या फळीवर मांडलं. रक्त ओकायची वेळ आली तर आपल्यावर यावी म्हणून तिनं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग म्हणाली, "धर्माभाऊ, फोर तो ओटा."

ओट्याच्या विटा निघाल्या आणि पहारीनं लादी वर आली तेव्हा सगळ्या बायका तीन पावलं मागे सरल्या. धर्मराजनं कुणाला जवळ येऊ दिलं नाही. झाकण काढून, दोन पंखे लावून, शटर सताड उघडं ठेवून त्यानं तास-दीड तास नुसता जाऊ दिला. कुणाला काडीही ओढू दिली नाही. "आतली हवा बाहेर पडू दे. घाईत काम करणारे फोटोत जातात." मग कोपरापर्यंतचे हातमोजे घालून, लांब दांड्याचा पंजा घेऊन तो वरूनच उपसू लागला.

आधी नारळ निघाले. एकोणचाळीसपर्यंत नेत्रानं मोजले, मग सोडून दिलं. मग खण. हिरवे, लाल, जरीकाठी, एकात एक पिळले जाऊन त्यांचा दोरखंड झाला होता आणि त्यात वरच्या बारा घरांचे केस. धर्मराज ओढत राहिला आणि तो संपेना. खाली बांगड्यांचा थर. सुपाऱ्या, हळकुंडं, पितळेचा एक पाळणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेला एका बाईचा पासपोर्ट साइज फोटो निघाला, कुणाच्या तरी सासूचा. दोघी-तिघींनी ओळखला, पण कुणी नाव घेतलं नाही.

वरच्यांचं काय निघालं? जे निघायचं तेच, वर थोडे केस, दुसरं काही नाही. लंगोट नाही, तेल नाही. सगळा चोकअप तळघरातला होता.

"वरच्यांना मी नाय नाय ते बोलले," मोतीबाई म्हणाली. मग बायकांकडे वळली. "ऐका. ही विहीर नवती. ह्यो गटार हाय, मिलिटरीचा. सपनात मना कोन आला नवता. जागा जाव नये म्हनून मी गोटे मांडले. तुमी लोकांनी मना ईचारला नाय, मी सांगतला नाय."

कौसाबाई पुढे आली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि त्यात मिरचीचा काही दोष नव्हता.

"मग माझी रिद्धी कुणी दिली? या गटारानं?"

"तुजे पोरानं आनि सुनेनं," मोतीबाई म्हणाली. "त्यांचा पन कवातरी नाव घे."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. कौसाबाईला हसू आलं नाही. ती आपली पिशवी घेऊन पायऱ्या चढून निघून गेली, तिच्या मागून आणखी दोघी. मोतीबाईला ते लागलं. पण तिनं हाक मारली नाही. उरलेल्या तिघी बसून राहिल्या. त्यांतली एक म्हणाली, "मसाला आज होईल ना? मिरच्या सर्द होतात हो."

धर्मराजनं खपच्या बांधल्या, पुढे रबराची चकती लावली आणि पुढच्या तोंडात सरकवायला सुरुवात केली. नेत्रा मागून एकेक देत होती. सहाव्या खपचीला अडलं. त्यानं थोडं मागे घेतलं, पुन्हा ढकललं, मागे घेतलं. मग खालून मोठा ढेकर दिल्यासारखा आवाज झाला आणि चेंबरमधलं पाणी बघता बघता उतरलं. मोरीनंही आपलं सगळं परत गिळलं. नेत्रानं वरून दोन बादल्या स्वच्छ पाणी ओतलं. तळाला तपकिरी, गुळगुळीत चिनी मातीची अर्धी नळी दिसली, आणि विटेला वीट अशी सांधलेली की सुई जाणार नाही.

धर्मराजनं हातमोजे काढले आणि त्या विटांकडे बघत राहिला. "ऐंशी वर्षं झाली असतील. लढाईसाठी बांधलं. लढाई संपली, पण हगायचं काय चुकतंय? म्हणून हे टिकलं."

त्याच वेळी टेकचंद खाली आला. या खेपेला सातवी पायरीही उतरला. त्यानं उघडं चेंबर पाहिलं, नारळांचा ढीग पाहिला, फळीवरचे गोटे पाहिले. मोतीबाई उभी राहिली. तिनं पदर खोचला.

"शेट, गटार वायला. लादी फोरायची गरज नाय. देव्या मी उटवल्या. त्यांचा धाक आता तुमाला नाय. मना काढायचा असंल तर सरल सांगा, रिपेरिंग बोलू नका."

टेकचंदनं रुमाल काढून तोंड पुसलं. "गोडाऊनवाला तैयार होता," तो म्हणाला. त्याला हळू बोलता येत नसल्यामुळे हे सगळ्यांनी ऐकलं.

"गोडाऊनवाला यावर खोकी ठेवील," धर्मराज मध्येच म्हणाला. "महिन्याला एकदा हे उघडून बघायला कोणीतरी पाहिजे. नाही बघितलं तर परत भरेल. शेठ, तुम्ही पहिल्या मजल्यावर राहता ना? पुढच्या वेळी तळघरात खोकी असतील, पाण्याला जागा नसेल, मग ते पहिल्या मजल्यावर येईल. विचार करा."

टेकचंदनं विचार केला. तो फार लांबला नाही. "दर महिने खोलोगी? खुद?"

"खोलीन."

"तो रहो," टेकचंद म्हणाला आणि वळला. मोतीबाईच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण तिला गप्प राहता येत नाही, त्यामुळे तिनं त्याला थांबवलंच.

"शेट, खरा सांगा. वीस वर्सं तुमी मना हात नाय लावला. आसरांना भ्यायला होता ना तुमी?"

टेकचंद हसला. "मोतीबाई, गटर को कौन डरता है?"

"तुमाला म्हाईत होता?"

"अम्मा को मालूम था. अम्मा इसी बॅरक में बडी हुई. ह्या झाकणावर लंगडी खेळायची ती, तेव्हा हे अंगण होतं, रस्ता नंतर वर चढला. तू वर येऊन सपना वपना सांगितलं, उसी रात मुझको बोली, वो मिलिटरी का गटर है, औरत झूठ बोलती है."

मोतीबाई त्याच्या आड येऊन उभी राहिली. "मग मना बोलली नाय ती? आनि तुमाला काढू पन नाय दिला?"

टेकचंदनं पायरीवर एक पाय ठेवला. आई जाऊन दोनच वर्षं झाली होती, तिचं बोलणं तो तिच्याच आवाजात सांगू लागला. "मैंने बोला, झूठी है तो निकालो. अम्मा बोली, झूठी है, पर मसाला सच्चा कूटती है. रहने दे. कंपाऊंड में एक औरत तो है जो अपने पैर पर खडी है. मेरे मरने के बाद भी मत निकालना." त्यानं रुमाल खिशात घातला. "मैंने रिपेरिंग का रास्ता निकाला था. अच्छा नहीं किया."

तो गेला. धर्मराज उगाचच खपच्या पुन्हा बांधू लागला. आपण दोन पिढ्यांना उल्लू बनवलं या तोऱ्यात मोतीबाई वीस वर्षं या तळघरात वावरली होती, आणि वर एक म्हातारी सगळं जाणून, हात जोडून, तिच्या खोट्यावर पांघरूण घालत बसली होती. मोतीबाई लादीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून सगळ्यांसमोर रडली. नेत्रानं तिला रडू दिलं. धर्मराजनं झाकण बसवल्यावर मोतीबाईनं उठून हात धुतले आणि डंकाचं बटण दाबलं, कारण तिघी बायका अजून थांबल्या होत्या.